टिल्लूचे फोटो आणि धाकटीचा वाटा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, फोटो स्टुडिओतील नोकरीतून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी आजच तपासून दाखला दिला आहे. तब्येत तोळामासा असली तरी डोकं शाबूत आहे. याचं काहींना वाईट वाटेल, त्याला माझा इलाज नाही.

१. राहते घर माझ्या पश्चात थोरल्या भावास मिळावे. त्याचा घरावर कधीपासून डोळा आहे. छप्पर गळतं आणि वरचा भाडेकरू कोर्टात गेला आहे, तेही त्यानेच निस्तरावं. भांडीकुंडी वहिनीला. माझ्या आजारपणात तिने एकदा डबा पाठवला आणि संध्याकाळी रिकामा डबा न्यायला जातीने आली. "म्हटलं, तेवढीच चौकशी होईल," म्हणाली. चौकशी दारातूनच केली.

२. बँकेतील शिल्लक कामवाल्या बाईंना द्यावी. शेवटी शेवटी माझं सगळं त्यांनीच केलं, तेही नाक न मुरडता. त्यावर इतर कुणी हक्क सांगू नये.

३. कॅमेरा व डार्करूमचे सामान मोडीत काढावे. स्टुडिओ मालकाच्या मुलाला काही देऊ नये. "मावशी, हे सगळं आता फोनवर होतं," असं तो मला म्हणाला होता. मग कर म्हणावं फोनवर.

४. आता कपाटातली फोटोंची खोकी. माझी खरी इस्टेट हीच. टिल्लू हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. ती नर्स, सदा रात्रपाळी, नवरा परगावी. त्यामुळे पोर तान्हं असल्यापासून चार वर्षांचं होईपर्यंत माझ्याकडे. त्याला न्हाऊमाखू मी घातलं. "आई"च्या आधी तो "माऊ" म्हणायला शिकला, ती माऊ मी. स्टुडिओत उरलेल्या फिल्मवर मी त्याचे फोटो काढत गेले. मग एके दिवशी धाकटी म्हणाली, "ताई, त्याला तुझी फार सवय लागलीय. मी नेते त्याला." आणि नेलं. त्याच वर्षी तिकडे तो तापाने गेला. मला कळवलं ते सगळं आटोपल्यावर.

धाकटीकडे त्याचा एकही फोटो नाही. दरवर्षी येते आणि मागते. गेल्या खेपेला म्हणाली, "ताई, एक तरी दे गं. त्याचा चेहरा आठवेनासा झालाय मला."

मी म्हटलं, "मला आठवतो." चहा पाजला आणि वाटेला लावलं.

लोक विचारतात, बाई, एकटीने जन्म कसा काढलास? या खोक्यांवर काढला. रोज दुपारी दार लावून एकेक फोटो पुसायचा, पाहायचा, परत ठेवायचा. आणि धाकटीकडे यातलं काहीच नाही, हेही रोज आठवायचं. खरं सांगते, या दुसऱ्या गोष्टीने जास्त बळ यायचं.

५. सबब, हे सर्व फोटो व निगेटिव्ह वकीलसाहेबांनी धाकटीच्या देखत जाळावेत. तिने कितीही गयावया केली तरी पाघळू नये. ते पाघळणारे आहेत, म्हणून त्यांची फी हे काम उरकल्यावरच द्यावी.

६. एक फोटो मात्र जाळू नये. तो धाकटीला द्यावा. मी काही कैदाशीण नाही. ती टिल्लूला घेऊन गेली त्या सकाळी मी तो दारातून काढला. तिची पाठ दिसते आणि खांद्यावरून मागे वळलेला तो. "गुपचूप आला हो, रडलासुद्धा नाही. शेवटी आईची कूस ती आईची कूस," असं धाकटी आजवर सगळ्यांना सांगत आली. त्याच एका गोष्टीवर ती तगली आहे.

रडण्याचा आवाज काढलास तर माऊ बोलणार नाही, असं मी त्याला बजावलं होतं. माझं तो ऐकायचा. फोटोत त्याने ओठ घट्ट मिटले आहेत, गाल ओले आहेत आणि दोन्ही हात माझ्याकडे पसरले आहेत. मी तो मोठा करून, फ्रेम करून ठेवला आहे. भिंतीवर लावावा अशी अट मी घालत नाही. ती लावेलच. तिच्याकडे त्याचा दुसरा फोटो नसेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि त्यातला एक शब्दही मला बदलायचा नाही.

सही: धाकटीची ताई
साक्षीदार: १. डॉक्टर, २. शेजारचे शिंपी. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. शिंप्यांनी वाचून मग केली, म्हणून वेळ लागला.
ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: चौदा जून