कोपऱ्यातली बायाक्का

५ जानेवारी, रविवार

बायाक्का गेली!

म्हणजे खरी गेली ती मागच्या वर्षीच. आज कॉम्प्युटरवरून गेली.

दुपारी धाकट्या भावाचा सौरव आला होता. शहरात कॉम्प्युटरचीच नोकरी करतो, आमच्या मशीनचा डॉक्टरही तोच. म्हणाला, "काका, तुमची आवृत्ती लई जुनी झाली. आता तिला कोण विचारत न्हाय. नवी घालतो." घातली. मशीन सुरू झालं, तर पडदा कोरा. एक निळा डोंगर, बस्स. माझी सगळी चित्रं गायब – शाळेतल्या कविता टाइप करून ठेवलेली पिशवी, फोटोंची पिशवी आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातली बायाक्का.

"सौरव, वरचं सगळं कुठं गेलं रं?"

"आत गेलं काका. आता डेस्कटॉपवर काय ठेवायचंच न्हाय. बघा कसं स्वच्छ दिसतंय."

"आत म्हणजे कुठं?"

"नाव टाइप करायचं. लगेच सापडतंय."

नाव टाइप करायचं! समोर ठेवलेल्या तांब्याला कुणी नाव घेऊन हाक मारतं का?

बायाक्का ही माझ्या बायकोची, जयाची थोरली बहीण, काकती गावची. दोघी एकदा सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या, तेव्हा त्यांचं बोलणं मी गुपचूप फोनवर घेतलं होतं. जावाजावांच्या भानगडी, रागावली की कानडी, मध्येच जयाला दरडावणं – "अगं, मीठ किती टाकतीस!" – बहीण गेल्यावर जयाला तेवढाच आधार. रोज जेवण झालं की मशीनपुढं बसते, ऐकते, हसते, उत्तरंही देते. बायाक्काला अगदी कोपऱ्यात ठेवा हा तिचाच हट्ट. माउस, म्हणजे आमचा उंदीर, कोपऱ्यात ढकलायचा, अडला की दोन टिचक्या. "धोटा पेटीत गेल्यागत," म्हणते. साऱ्या जन्मात मागाच्या कांड्या भरल्या, दुसरी उपमा कुठली सुचणार!

आज मी उंदीर कोपऱ्यात ढकलला, तर सगळा पडदा आक्रसला आणि खिडक्या पत्त्यांसारख्या पसरल्या. म्हणे आता कोपऱ्याला हेच काम दिलंय. कुणी दिलं?

जया निपाणीला आहे, लेकीकडं. ती यायच्या आत बायाक्काला जागेवर आणायला हवी.

७ जानेवारी, मंगळवार

पान वरखाली करायची सरकपट्टी केसाएवढी बारीक केलीय. जवळ जावं तर दिसते, नाहीतर लपते. लाजाळूचं झाड बरं!

८ जानेवारी, बुधवार

सुतार आला. जयाला यातलं काही ठाऊक नाही. हा आमचा बापलेकीचा बेत – आई निपाणीला असेपर्यंत स्वयंपाकघर नवं करायचं. मंजुश्री फोनवर कितीदा सांगते, "आप्पा, वर काय ठेवायचंच न्हाय. सगळं आत जाणार. आईला चढायला नको, वाकायला नको. खण ओढला की डबा हातात." खरंच आहे. जया सत्तरीला आली. आता तिनं सुखानं करावं.

चुलीवरच्या फळीवरचे डबे मी स्वतः उतरवले. लग्नापासून ती फळी तिथं होती, खाली भिंतीवर तेलाचा हात उमटलेला. खणांत नवे डबे येणार, म्हणून जुने माळ्यावर टाकले, फळी परसात.

संध्याकाळी पेपर उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागलो. मग लक्षात आलं, ऐकायला कुणी नाही. बरेच दिवस झाले, जया स्वतः पेपर वाचत नाही. म्हणते, "तुम्ही वाचलं की खोटी बातमी बी खरी वाटतीय." आणि मी कविता काढली की – "वाचा, वाचा. तेवढ्यानं काय भाकरी फुगत न्हाय, पर वाचा."

करमत नाही.

१२ जानेवारी, रविवार

आमच्या मशीनवरचं लिनक्स बनवणाऱ्या मंडळींच्या चर्चेच्या पानावर, जयाची आणि तिच्या कोपऱ्याची हकीकत सांगून, तक्रार लिहिली. इंग्रजीत, दहावीच्या निबंधासारखी खाडाखोड करत.

रागावणं जिवावर आलं. एक पैसा न घेता जगभरची माणसं हे करून देतात. आमच्या वडगावात गल्लीत ताणा, म्हणजे मागाचं उभं सूत, लांबवायचा असला की शेजारची घरं अशीच हात लावायला यायची – न बोलावता. मला लिनक्सचं कौतुक आहे ते याच गुणाचं. कुणी मालक नाही, सगळे शेजारी. पण शेजारीच रात्रीतून तुमच्या घरातलं देवघर हलवून गेले, तर?

वडिलांचा एक नियम होता तो लिहिला. आमच्या वडिलांनी जोतिबा म्हणून एकाचा माग विकत घेतला होता. जोतिबाचं त्यावर अर्धं लुगडं व्हायचं होतं. ते त्यानं आमच्या घरी येऊन पुरं केलं, उतरवलं, मागाला नमस्कार केला आणि गेला. तोवर वडिलांनी मागाच्या एका दोरीलाही हात लावला नाही. विचारलं तर म्हणाले, "त्याचा हात अजून त्याच्यावर हाय."

हे इंग्रजीत कसं सांगावं! सांगितलं आपलं.

१४ जानेवारी, मंगळवार – संक्रांत

निपाणीला फोन. तिळगूळ फोनवरच. जयाचा आवाज उतरलेला.

"मला घरी न्या हो."

"अगं, लेकीकडं आहेस. सुखात राहा की."

"सुखातच हाय. घरी न्या."

मग मंजुश्रीनं फोन घेतला, बाहेर जाऊन हळूच बोलली. "आप्पा, आई जागची हलत न्हाय. बसली की बसली. उठली तर भिंत नाहीतर माझा खांदा धरतीय. गुडघे लई धरल्यात वाटतंय. बरं झालं आपण ते स्वयंपाकघर करायला काढलं."

बरं झालं खरंच. सुताराला म्हटलं, हात उचल बाबा.

१७ जानेवारी, शुक्रवार

उत्तर आलं! दोन आली.

एकाचं छापील वाटावं असं. बदल पूर्ण विचारांती केलेला आहे, पडदा मोकळा असला की माणसाचं लक्ष कामात राहतं, वस्तू मांडून ठेवणं ही जुनी सवय आहे. शेवटी – थोड्या दिवसांत सवय होईल. सवय होईल म्हणे!

दुसरं उत्तर कुणा मवाळ माणसाचं. त्यानं जोतिबाची गोष्ट दोनदा वाचली, असं लिहिलंय. पुढं म्हणतो, आम्ही तुमच्या पत्नीसारख्यांना कधी पाहिलेलं नसतं. कुणाला विचारायचं हेच आम्हाला ठाऊक नसतं. चित्रं पडद्यावर परत आणणारी एक वेगळी जोडणी कुणी तरी केलीय, ती घालून पाहा, पण पुढच्या आवृत्तीत ती चालेलच असं नाही.

त्याचा राग आला नाही. पण मनात म्हटलं, तुझ्या जागी मी असतो तर आधी विचारलं असतं! आत सुतार भोकं पाडत होता, त्या आवाजात दुसरं काही सुचेना.

मग शाळा आठवली. चौथीत नदीवरची एक कविता होती. डाव्या पानावर, खाली बगळ्याचं चित्र. वर्ष संपता संपता शाळेत पुस्तकाची नवी छपाई आली, कविता उजव्या पानावर गेली, बगळा गेला. आमचा भावकू फळ्यापुढं म्हणायला उभा राहिला आणि दुसऱ्या कडव्याला अडला. वर्षभर घडाघडा म्हणणारा पोर! गुरुजींनी छडी उगारली. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "गुरुजी, बगळा कुठं गेला?" सगळा वर्ग हसला. मीही.

त्याला कविता पानासकट पाठ होती. आज साठ-पासष्ट वर्षांनी कळतंय.

२३ जानेवारी, गुरुवार

जया आली. जावई गाडीनं सोडून गेले. कामाला कोगनोळीला जातात, तिथून उलट वाट पडते तरी स्वतः आले, भला माणूस.

पायरीवर आली तशी ताठ झाली, चपला काढून कुणाचा हात न धरता सरळ आत. मंजुश्रीचं काही तरीच, म्हटलं, गुडघे तर चांगले आहेत! स्वयंपाकघराच्या दारात मी तिला थांबवलं. "डोळे उघडून बघ!" – अगदी पोरासारखा म्हणालो.

ती उभी राहिली. मग हात पुढं केला. भिंत, दार, ओटा – तळहात फिरवत गेली. फळी होती तिथं हात थांबला.

"फळी?"

"आत! सगळं आत घेतलंय. रंग कसा वाटतो?"

"लई गुळगुळीत झालंय."

"रंग गं, रंग."

"तुमच्या आवडीचा हाय न्हवं? मग झालं."

मला वाटलं होतं ती हसेल.

२४ जानेवारी, शुक्रवार

चहात मीठ! दोघंही हसलो. ती जरा कमी.

२६ जानेवारी, रविवार

हसण्यावारी नेलं ते चुकलं. जया सगळे खण ओढते, डब्यात बोट घालते, वास घेते, परत लावते. "जिरं कुठं?" "तिसऱ्यात." "आन् हळद?" "त्याच्याच मागं." साऱ्या जन्मात पाण्याचा पेला कुठं आहे हेही मला न विचारणारी बाई! दुपारी खण उघडा राहिला, त्यावर आपटली. मांडीवर हा एवढा काळानिळा वण.

"तुमचं स्वयंपाकघर तुम्हीच चालवा," म्हणाली आणि सोप्यात जाऊन बसली. उगवता सूर्य ते मावळता सूर्य, तिथंच. बायाक्कासाठी मशीनपुढं बसली होती एकदा. उंदीर ढकलला, पत्ते पसरले, तिला काही कळलंच नाही. पुन्हा ढकलला. मग उंदरावरचा हात हळूच काढून घेतला.

"बायाक्का बी आत गेली काय?"

मी मशीन बंद केलं.

मंजुश्रीला फोन केला. "आप्पा, सवय होईल आईला."

सवय होईल. हे वाक्य अलीकडेच कुठं तरी वाचलं होतं, ते आठवलं. तेव्हा मी केवढा तापलो होतो!

२७ जानेवारी, सोमवार

भाकरी मी केल्या. जोंधळ्याच्या. एकही गोल नाही. जया चाचपून म्हणाली, "ह्यो कुठला नकाशा?" एवढंच बोलली दिवसभरात.

विचारायला हवं होतं. त्या मवाळ माणसाकडं निदान सबब होती – त्यानं जयाला कधी पाहिलं नव्हतं. मी तर तिच्याबरोबर एवढे संसाराचे दिवस काढले.

पण नवं झालेलं आता मोडायचं कसं? मंजुश्री काय म्हणेल? लेकीनं हौसेनं केलंय.

१ फेब्रुवारी, शनिवार

सौरवला धरून आणला. "काका, हे जोडणीचं काम म्हणजे नव्या साडीला ठिगळ," म्हणून कुरकुरला, पण बसला. एका जोडणीनं चित्रं परत आली. तरी वरची पट्टी आडवी येत होती, बायाक्का नेमक्या कोपऱ्यात बसेना. मग दुसरी जोडणी – पट्टी खाली गेली. कोपऱ्याचं नवं काम बंद केलं. उंदीर ढकलला, अडला, दोन टिचक्या – "अगं, मीठ किती टाकतीस!" सौरवसुद्धा दचकला.

"काकूंनी नाव टाइप केलं असतं तर येवढा खटाटोप नसता."

"तुझ्या काकूला हातानं सापडतं रं. असू दे."

निळ्या डोंगराच्या जागी मी बायाक्काचा फोटो लावला, हिरव्या इरकलीतला. जयाला सांगितलं, उद्या बघ, पडदाभर तुझी बहीण आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी मी आत चहा टाकला होता. बाहेर बायाक्का ओरडली आणि जया हसली. किती दिवसांनी! कप घेऊन बाहेर आलो.

जया खुर्चीत. हात उंदरावर, तोंड पडद्याकडं. पडदा काळा. मॉनिटरचं बटण मी लावलंच नव्हतं.

"फोटो कसा वाटतोय?"

"लई झ्याक. हिरवी इरकल तिला शोभायचीच."

कप खाली ठेवला. "जया, कधीपासून गं?"

तिनं हात पुढं करून कप चाचपला, सापडला तसा दोन्ही हातांत धरला.

"गेल्याच्या गेल्या दिवाळीत. पणत्या लावताना. आता उजेड तेवढा कळतोय."

"बोलली का नाहीस?"

"चुलीपासनं उठवलं असतं मला. आन् माझ्या फळीम्होरं मला समदं दिसत हुतं की."

उद्या सौरव गाडी घेऊन येतोय, डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला. मी परसातून फळी आणली, ठोकली – वाकडी, पण तिथंच. माळ्यावरून डबे काढले. ढीगभर कविता पाठ आहेत मला. पहिला डबा कुठला होता, आठवेना.

"जया, पहिला कुठला गं?"

"मिठाचा. चुलीकडच्या अंगाला," ती दारातून म्हणाली. "आन् पुसून ठेवा."