पायाला हात

शुक्रवार, ७ मार्च
ऑफिसातून निघता निघता सरांचा मेसेज — ‘लेट्स टच बेस ऑन मंडे.’ बस, एवढंच!

टच म्हणजे हात लावणं. बेस म्हणजे पाया. चौथीपर्यंत आईनेच घरी शिकवलं मला. अडलेला शब्द फोडून वाचायचा, हा तिचा नियम. फोडला. पायाला हात! नव्या दवाखान्याच्या पायाचा नकाशा मीच काढलाय! त्यालाच सर हात घालणार, म्हणजे काहीतरी चुकलंय. त्यात माझी शिकाऊ उमेदवारी याच महिन्यात संपते. नारळ मिळणार, दुसरं काय!

शनिवार, ८ मार्च
लॅपटॉपवर नकाशा उघडून बसले. माप न् माप तपासलं. सगळं ठीक. मग काय?
दादा म्हणाला, ‘तोंड बघ! एरंडेल प्यायलीस का?’

रविवार, ९ मार्च
सापडलं. मापं बरोबरच होती — चूक जे नाही त्यात होती. मागच्या जिन्याचा खांब वरच्या मजल्यांच्या नकाशात आहे, पण त्याच्याखाली पायाच नाही! काढायचाच राहिला. आणि नकाशा कधीच साइटवर गेलाय.

दादाला मेसेज दाखवला. तो हसून हसून गडाबडा लोळला. ‘अगं येडे, टच बेस म्हणजे भेटू, बोलू, कसं चाललंय ते विचारू! त्यात पायाबिया काही नाही!’

हुश्श! जिवात जीव आला — आणि लगेच पुन्हा गेला. सरांना ठाऊक नाही. पण खांब तर अधांतरीच ना?
दादाचं म्हणणं, ‘झाकली मूठ! गुपचूप दुरुस्त कर नि नवी प्रत पाठव. कोण बघतंय?’
मी बघतेय ना.

सोमवार, १० मार्च
सांगून टाकलं. आधी चूक, मग मेसेजचा मी लावलेला अर्थही. सर हसले नाहीत. नकाशा बघत राहिले. मग साइटवर फोन — ‘काँक्रीट थांबवा.’
मग मला म्हणाले, ‘तुला कायम करायचंय, हे सांगायला बोलावलं होतं.’
‘होतं?’
‘आहे. ही चूक मीही तपासताना पाहिली नाही, बाई.’ मग मात्र हसले. ‘पायाला हात! धन्य आहे.’

किती हलकं वाटतंय! जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरले.

बुधवार, १२ मार्च
साइटवर गेले होते. जिन्याच्या खांबासाठी खड्डा खणतायत. काठावर उभी राहिले. शुक्रवारी मला इंग्रजी नीट कळलं असतं, तर इथे नुसती माती असती — आणि वर दवाखान्याचा जिना.