शनिवारची नोंदवही

मी, त्र्यंबक विनायक गायधनी, वय ५६, शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक, राहणार नाशिक, हृदयाने एकदा नोटीस दिली असली तरी डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी मंजुषा हिच्या. माझे संस्कृत ग्रंथही तिचेच. रद्दीत घातले तर काटा तपासून घ्यावा.

२. माझा स्वतःचा सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेतील सेवक सहादू यास. पेशीत काचेची सुई त्याच्याइतक्या हलक्या हाताने मला कधीच घालता आली नाही.

३. माझी लूना भाजी पिकवणाऱ्या सुलाबाईंना. प्रयोगासाठी गोगलगायी त्यांच्याच पालकाच्या वाफ्यातल्या. "मास्तर, सगळ्या न्या, लय उपकार होतील," म्हणत.

४. हे कलम लिहायला मला सहा वर्षे लागली. १९९७ साली माझी विद्यार्थिनी प्रतिभा गांगुर्डे हिला गोगलगायीच्या चेतापेशीत असे आढळले, की पेशीला आवर घालणाऱ्या रसायनाने सुरू होणारा प्रवाह, पेशीचे व्होल्टेज चढवले की जास्त वेळ टिकतो. मी म्हणालो, अंबडचे कारखाने वीज ओढतात, त्याने आपले यंत्र चुकते. तिने अंबडच्या सुट्टीचे सलग सात शनिवार गाठून तोच प्रयोग केला.

"सर, शनिवारीही तेच येतंय."

"मग साडेसाती असेल, बाई."

सगळी प्रयोगशाळा हसली. ती सोडून. तिची नोंदवही न उघडताच मी अहवालावर 'मोजमाप सदोष' असा शेरा मारला. शिष्यवृत्ती थांबली, प्रबंध बुडाला. ती आता सिन्नरला शाळेत शिकवते.

वही मी दोन वर्षांनी उघडली. मोजमाप चोख होते. तरी कोणाला बोललो नाही. 'क्षम्' धातूची सर्व रूपे मला पाठ आहेत, क्षमा मागण्याचा मात्र सराव नाही.

ती वही, आणि शेरा मागे घेऊन प्रबंध पुन्हा स्वीकारावा असे विद्यापीठाला लिहिलेले माझे पत्र, प्रतिभाला पोचवावे.

इथवर वाचून मंजुषा म्हणाली, "त्यासाठी मरायची वाट कशाला बघताय? सिन्नरची एसटी दर अर्ध्या तासाला आहे."

५. म्हणून पुरवणी: वही व पत्र मी स्वतः नेऊन दिल्यास कलम ४ रद्द समजावे. न दिल्यास ते शोकसभेत मोठ्याने वाचावे. साडेसातीचा विनोद गाळू नये.

खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

त्र्यं. वि. गायधनी

साक्षीदार: १. खंडेराव मोगल, शेजारी २. शकुबाई दोंदे, शेजारीण

नाशिक, शनिवार, १५ नोव्हेंबर २००३. अंबडला सुट्टी. एसटी चालू.