मुंब्र्याला निघालेली होडी

प्रिय रसिका,

कल्पिताला आधी आत घे. साईनाथकाकांनी आपल्या पोरीला ऑफिसातून थेट गाडीत बसवून तुझ्याकडे कोल्हापूरला धाडलंय, ती धड जेवलीही नसेल. आमच्यापैकी कुणाचाही नंबर दिसला की तू फोन कापतेस, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच, मध्येच घडी घालून ठेवू नकोस.

बाबांनी होडी मोडायला काढली. ऋतुराजची होडी. तुझा भाऊ जिच्यासकट उरणच्या समुद्रात उलटला, तीच. लोकांनी आधी तिला ओढत किनाऱ्याला आणलं, ऋतू नंतर सापडला. त्याच्या तेराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "ही होडी आहे तोवर मी या घरात पाऊल टाकणार नाही." बाबांनी तरी ती मोडली नाही. शहाडला काकांच्या शेडबाहेर त्यांनी ती ट्रेलरसकट उभी केली आणि वर ताडपत्री बांधली. पोराला शीड उभारायला त्यांनीच शिकवलं, पाण्याचं वेड त्यांनीच लावलं, तुझा सगळा राग त्यावर आहे, ते मला ठाऊक आहे. मी होडीचा विषय काढला की म्हणायचे, बघू. रविवारी शहाडला जायचे, ताडपत्री वर करून आत बघायचे आणि परत बाळकुमला येऊन टीव्हीसमोर बसायचे. टीव्हीवर काय चाललंय ते विचारलं तर सांगता यायचं नाही. मी त्यांच्याबरोबर कधी गेले नाही. माझ्याने झालंच नाही.

मग तुझी सान्वी झाली. तू कळवलं नाहीस, तुझ्या सासूबाईंनी मला तिचा फोटो पाठवला. बाबांनी चष्मा लावून तो कितीतरी वेळ पाहिला आणि म्हणाले, "कान आपल्या ऋतूचे आहेत गं." दुसऱ्या दिवशी चहाचा कप हातात धरून बसले होते, चहा पार निवून गेला, तेव्हा म्हणाले, "मुंब्र्याला खाडीकाठी एक जण फायबरच्या जुन्या होड्या कापून घेतो. देऊन टाकू. मग रसिका पोरीला घेऊन येईल." मला इतकं बरं वाटलं, रसिका, की मी आत जाऊन रडले.

शहाडला काकांच्या बोलेरोला ट्रेलर जोडला. त्याची चाकं इतकी वर्षं एकाच जागी उभी होती. वरची नक्षी नव्यासारखी, पण बाजूचं रबर उन्हापावसाने तडकून गेलेलं. काका म्हणाले, "दादा, टायर बदलून घेऊ, मग जाऊ." बाबा म्हणाले, "साई, आज नाही निघालो तर मी कधीच निघणार नाही." काकांनी गाडी सुरू केली. मीही गाडीत बसले.

पत्रीपूल उतरून शीळ रस्त्याला लागलो. काका अगदी सावकाश चालवत होते, मागचे हॉर्न मारून शिव्या देत पुढे जात होते. काटई नाक्याच्या अलीकडे बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि गाडी एका बाजूला खेचली गेली. ट्रेलरचा डावा टायर चिंध्या होऊन लोंबत होता. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. ती रिक्षात टाकून काका पंक्चरवाला शोधायला गेले. भर दुपारचं ऊन, शेजारून डंपर चाललेत, मी मागे उभी राहून लाल पिशवी हलवत गाड्यांना बाजूने जायला सांगतेय. आणि बाबा होडीजवळ उभे राहून रुमालाने तिच्या अंगावरची धूळ पुसत होते. मोडायला निघालेल्या होडीची धूळ.

काका आले, जॅकखाली फळी घालून त्यांनी ट्रेलर उचलला, फाटलेलं चाक काढलं. रस्त्याची कडा भुसभुशीत होती. एक डंपर अगदी खेटून गेला, फळी सरकली आणि जॅक आडवा झाला. ट्रेलर खाली बसला, पट्टा तुटून होडी कलली. काका ओरडले, "दादा, पडू दे तिला! बाजूलाच थांब!" बाबा बाजूलाच होते गं. जागेवर उभे राहिले असते तर त्यांना ओरखडाही उठला नसता. ते पुढे धावले आणि दोन्ही हातांनी तिला धरायला गेले. उजवा हात होडी आणि ट्रेलरच्या लोखंडात सापडला. रिक्षावाले, टेम्पोवाले धावून आले, सगळ्यांनी मिळून होडी उचलली. बाबांच्या तोंडून आवाज फुटला नाही. ओरडत होते ती मी.

डोंबिवलीच्या हॉस्पिटलात मी त्यांना विचारलं, "मोडायलाच नेत होतो ना? मग पडू द्यायची होती." छताकडे बघत म्हणाले, "पडताना दिसली, सुमती. हात आपोआप गेला."  मग म्हणाले, "तेव्हा नव्हतो ना मी धरायला."

होडी आता नाही. काकांनी क्रेनने उचलून ती मुंब्र्याला पाठवली, तिचे तुकडेही झाले. बाबांना सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. हात काळा पडत चाललाय. डॉक्टर म्हणतात, कोपराखालून काढावा लागेल, नाहीतर विष अंगात पसरेल, आणि थांबायला वेळ उरलेला नाही. बाबा हो म्हणत नाहीत. काकांनी त्यांचे पाय धरले, मी भांडले, डॉक्टरांनी समजावलं. "राहू दे," एवढंच म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करतात. त्यांचा जीव त्या हातात अडकलेला नाही गं. त्यांना आता जगायचंच नाही, हे मला त्यांच्या तोंडाकडे पाहून कळतं. तू त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही. तुझा राग खोटा आहे असंही म्हणत नाही, मलाही तो कधी कधी येतो. यायचं नसेल तर येऊ नकोस. कल्पिताच्या फोनवरून काकांना फोन लाव, ते तो बाबांच्या कानाशी धरतील. बाकी काही बोलू नकोस, फक्त म्हण, "बाबा, हात काढू द्या." माझं ते ऐकत नाहीत. तुझं ऐकतील.

तुझीच,
आई