एकाहत्तर टक्के

३ मार्च
पुन्हा आकडा घसरला! सोमवारी एकाहत्तर, आज अठ्ठावन्न. काचेच्या तुकड्यावर चांदीचे खांब — केसाच्या जाडीत शे-दोनशे मावतील इतके बारीक. त्यांनी निदान सत्तर टक्के लाल प्रकाश तिरका वळवायचा, एवढंच काम. पहिल्या दिवशी करतात. मग सुट्टीवर जातात.
वैताग आलाय. डोळे चुरचुरतात.

५ मार्च
त्रेपन्न. सरांनी विचारलं, "चूक कुणाची?" मी म्हटलं, डिझाइनचीच असणार. खांबांची मापं, अंतरं आमचा गणिती ठरवतो — तो मुखदुर्बळ, शर्टाची बटणं नेहमी चुकलेला. मी फक्त बनवते आणि मोजते. तो म्हणाला, "ताई, डिझाइन चुकलं असतं तर पहिल्या दिवशी तरी एकाहत्तर आले असते का?"
नाचता येईना अंगण वाकडं — असं बोलले मी त्याला. चार लोकांत.

६ मार्च
नवा तुकडा. एकाहत्तर. हातमोजे घालून डबीत ठेवला. हवा लागू नये म्हणून झाकणाच्या फटीवर तीन रबरबँड घट्ट चढवले, नेहमीसारखे. तळहाताच्या फोडासारखं जपते, अजून काय करू?

९ मार्च
छप्पन्न.

१० मार्च
गणितीला प्रकल्पातून काढलं. तीन वर्षांचं काम त्याचं. बायकोला सातवा महिना आहे — मला माहीत होतं. टेबल आवरताना म्हणाला, "ताई, मापं सगळी फाइलमध्ये आहेत. लागली तर घ्या."
वाईट वाटलं. पण सुटल्यासारखंही वाटलं. इथे कशाला खोटं लिहू?

१४ मार्च, रविवार
आईकडे गेले. चांदीचे चमचे घासत बसली होती, काळे ठिक्कर पडलेले. "तुझ्या दादाचे प्रताप! रबर लावून ठेवले, शहाण्यानं. चांदीजवळ रबर ठेवतं का कुणी? त्यातल्या गंधकानं काळी पडते ती."
माझा चहा तसाच राहिला.

१५ मार्च
त्याच्याच मापांचा नवा तुकडा. तीच डबी. रबर नाही, नुसती चिकटपट्टी. एकाहत्तर.

१७ मार्च
एकाहत्तर. देवा!

१९ मार्च
आजही एकाहत्तर. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, तो गेला आणि काम मार्गी लागलं! शाब्बास!" टाळ्या वाजल्या.
डिझाइन त्याचंच आहे. एक रेघही बदललेली नाही.
मी हसले. "थँक्यू सर" म्हटलं.