मागे कोणी?

४ सप्टेंबर
आले एकदाची! बसने वळणावळणांवर असं घुसळलं की पोटात काही राहिलं नाही, पण नदी दिसली आणि सगळं माफ. बँकेतली नोकरी सोडून सायकल हाकायला निघाले म्हणून दादाने घरी यथेच्छ तोंडसुख घेतलं. घेऊ दे. माझ्या खोलीला खिडकी आहे, खिडकीत नदी आहे आणि खाली शेडमध्ये ओळीने टांगलेल्या सायकली. जिन्यापर्यंत तेलाचा आणि रबराचा वास येतो. इथल्या मिस्त्रींनी माझी सायकल उचलून पाहिली, चाक फिरवलं आणि सायकल चांगली आहे, बाईचं अजून सांगता येत नाही, असं माझ्यादेखत सहली काढणाऱ्या मालकीणबाईंना सांगून टाकलं.

काम असं. पाहुणे सायकलवरून नदीकाठाने दिवसभर चढतात, खिंडीतल्या बोगद्यातून जातात आणि पलीकडच्या खोऱ्यात मुक्कामाला उतरतात. सामान घेऊन मालकीणबाई गाडीने दुसऱ्या रस्त्याने आधीच पोचलेल्या असतात. मी शेपूट. म्हणजे सगळ्यांच्या मागे राहायचं. पाहुणा थांबला की थांबायचं, सायकल ढकलत चालायला लागला की आपणही चालायचं, पण कोणालाही ओलांडायचं नाही. आधीचं शेपूट एकदा कंटाळून पुढे निघून गेलं, तर त्याच संध्याकाळी त्याची नोकरी गेली आणि पिशवी बाहेर आली. मला महिनाभर बघणार आहेत.

७ सप्टेंबर
पहिली फेरी पार पडली. मांड्या माझ्या राहिलेल्या नाहीत, पण तोंडावरचं हसू जात नाही.

बोगद्याची गंमत लिहायलाच हवी. त्याच्या अलीकडच्या तोंडाला मोठं लोखंडी दार आहे. वर दरडी पडतात म्हणून संध्याकाळी ते बंद होतं. शेपूट आत आलं की दार राखणारे काका विचारतात, मागे कोणी? शेपटाने सांगायचं, मागे कोणी नाही. मग ते दार ओढतात, आतून कुलूप घालतात आणि पलीकडे आपल्या घरी उतरतात. तिथे फोन लागत नाही, त्यामुळे सगळा कारभार या सवाल-जवाबावर. मी इतक्या रुबाबात उत्तर दिलं की काका हसायला लागले. मला त्यांच्या किटलीतला चहा दिला. शेपटाचा मान, म्हणे.

१४ सप्टेंबर
नव्या गटात एक हेडसर आहेत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पाय काटकुळे, सायकल त्यांच्याइतकीच जुनी. आमची गिअरची सायकल देऊ केली तर मिस्त्रींनाच सुनावलं की इतक्या वर्षांचा संसार असा मोडत नाहीत. त्यांचं उजवं पॅडल दर फेऱ्याला करकरतं. मिस्त्रींनी मला तेलाची कुपी दिली होती. राहूनच गेलं. उद्या सकाळी नक्की.

आजच्या सरावातही प्रत्येक वळणावर नदी बघायला थांबतात आणि मागे न बघता मला हात करून म्हणतात, आलोच. मुलीला फोटो दाखवायचे आहेत. गोड माणूस, पण अंत बघतो.

१५ सप्टेंबर
तिसऱ्यांदा पेन खाली ठेवलं. थंडीने असेल.

दुपारपासून धुकं आणि पाऊस. बाकीचे केव्हाच पुढे गेले. हेडसर पाच पावलं चालायचे आणि थांबायचे. माझी बोटं ब्रेकवर वळेनात. शेवटी तेच म्हणाले, पोरी, तू हो पुढे, मी आलोच. आणि मी झाले. फक्त पुढच्या वळणापर्यंत, असं ठरवून. वळणावर थांबले, करकर ऐकू येत होती. मग वाटलं, बोगद्यात थांबू, कोरडं तरी असेल.

काकांनी विचारलं, मागे कोणी? आणि जिभेवर बसलेलं उत्तर तोंडातून निघून गेलं, मागे कोणी नाही. दार लागलं. थांबा, एक जण राहिलाय, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि आधीच्या शेपटाची पिशवी डोळ्यांसमोर आली. वाटलं, दार बंद दिसलं की सर वळतील, परतीचा सगळा उतारच आहे, चाकं आपोआप नेतील.

मुक्कामावर मालकीणबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणाले की हेडसर दमले म्हणून खालूनच परत फिरले, सकाळच्या बसने घरी जाणार आहेत. त्यांना ते पटलं. सूप मागून घेतलं मी. दोनदा.

१६ सप्टेंबर
परतले नव्हते.

काकांनी सकाळी दार उघडलं तर ते दाराला पाठ टेकून बसलेले. गार पडलेले. सायकल शेजारी नीट स्टँडवर लावलेली. बोटांची सालटी निघाली होती, दारावर ठोकून ठोकून.

सगळे म्हणतात, म्हातारा हट्टी, परत जातो म्हणून सांगितलं आणि पुन्हा चढला. मी मान डोलावली. काका मात्र म्हणत राहिले की आपणच जरा कान देऊन ऐकायला हवं होतं. त्यांना तसंच म्हणू दिलं मी. किती नीच आहे मी.

१९ सप्टेंबर
हेडसरांची मुलगी आली होती. माझ्याच वयाची. माझे हात हातात घेऊन म्हणाली, तुम्ही होतात म्हणून बाबा शेवटच्या दिवशी वाटेत एकटे नव्हते एवढं तरी समाधान. शेवटचं काय बोलले, विचारलं. मी म्हणाले, तुमची आठवण काढत होते. घशापर्यंत खरं आलं होतं. गिळलं.

सायकल तिच्याने नेववेना. शेडमध्ये ठेवली आहे. मिस्त्रींनी पॅडलला तेल घातलं. मी घालायला हवं होतं ते तेल.

२३ सप्टेंबर
पुन्हा फेरी. मी सगळ्यात मागे. आणि माझ्या मागे करकर.

माझं पॅडल तपासलं, चेन तपासली. माझी सायकल गप्प आहे. मी थांबले की आवाजही थांबतो.

काकांनी विचारलं तेव्हा आधी मागे वळून बघितलं, मग उत्तर दिलं. ते हल्ली चहा करत नाहीत. किटली उपडी असते.

२४ सप्टेंबर
परत आल्यावर शेडमध्ये गेले. हेडसरांच्या सायकलची चाकं ओली. वर खिंडीत असतो तो लाल चिखल, ताजा. मिस्त्री म्हणाले, पोरी, तिला खुंटीवरून कोणी काढलेलंही नाही.

२७ सप्टेंबर
आज वळणावर, अगदी कानाशी — आलोच.

मालकीणबाईंना सांगायला गेले. सगळं सांगायचं ठरवून. त्यांनी महिना भरायच्या आधीच माझं काम पक्कं केल्याचं सांगितलं. पाठीवर हात ठेवला. मी आभार मानून आले. आभार!

२९ सप्टेंबर
झोप नाही. उद्या फेरी आहे. उद्या नियमाने वागणार. शेपूट कोणाच्याही पुढे जात नाही. मी वळणावर थांबेन, सरांना पुढे जाऊ देईन. मग दारापाशी काकांना खरं सांगेन. सगळ्यांसमोर. मुलीलाही कळवेन.

३० सप्टेंबर, वळणावर
पाहुणे पुढे गेले. मी थांबले आहे. धुकं. वही मांडीवर.

करकर येतेय. खालून. हळूहळू.

मी बाजूला झाले. मान खाली. म्हणाले, सर, तुम्ही व्हा पुढे —

गेले. शेजारून. ओल्या लोकरीचा वास. थांबले नाहीत. हात केला फक्त.

रडू आलं. सुटल्यासारखं. आता त्यांच्या मागोमाग जाते आणि —

दारापाशी
धुक्यात मला दार दिसत होतं. उघडं. आत काकांचा दिवा. काकांनी विचारलेलं स्पष्ट ऐकलं — मागे कोणी?

मी उत्तर दिलं नाही. मी अजून पोचलेच नव्हते.

उत्तर दिलं गेलं. म्हातारा आवाज. शांत. मागे कोणी नाही.

दार लागलं. कुलूप. ठोकतेय. काका — काका, मी आहे, मीच —

पावलं लांब जातायत. बोटं सोलली. अक्षर नीट येत नाही. खाली उतरायला वळले तर सायकल नाही — इथेच लावली होती — स्टँडवर —

खरं सांगणार होते. खरंच. मुलीला सांगा कोणीतरी, तिचे बाबा एकटेच —

आतून कोणीतरी दारावर टकटक करतंय. हळू. विचारतंय, पोरी, येतेस ना.

हो. हो सर. आलेच, आले