कानडी नऊ

मेहकर,
कार्तिक वद्य पंचमी, बुधवार

तीर्थस्वरूप नलिनीअक्कास,

धाकट्या व्यंकटेशचा वाकून नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र न उघडता परत करायचं तर टपाल कार्यालयाचा जिना चढावा लागतो, आणि तुझे गुडघे तुला तेवढा राग धरू देणार नाहीत असा माझा अंदाज आहे.

इकडे सर्व क्षेम. तूर फुलावर आहे. तुझ्या भावजयीची, मंजुश्रीची पाठ आता बरी आहे. शाळेत यंदा दहावीला संस्कृत घेतलेली मुलं सात. चार गुणांसाठी आलीत, दोन आईच्या धाकानं, आणि एक मुलगी वर्ग चुकून येऊन बसली आहे. तिला मी अजून काही बोललेलो नाही. भाऊबीजेला पाट मांडला होता. मंजुश्रीनं तो संध्याकाळपर्यंत उचलला नाही. शेवटी मीच उचलला.

तू दसऱ्याला येऊन गेल्यापासून मी एक संशोधन हाती घेतलंय. विषय: लोक लॉटरीचं तिकीट किती वेळा घेतात आणि कामून घेतात. प्रयोगशाळा म्हणजे शनिवारची उदगीरची बस. आपल्या कानडी राज्यात लॉटरी बंद, हद्दीपलीकडं चालू, त्यामुळे त्या बसमध्ये निम्मी माणसं बाजाराला जातात आणि निम्मी बाजाराचं नाव सांगून हद्द ओलांडतात. अकरा वर्षं मी दुसऱ्या गटात आहे, दर महिन्याला तुझं एक तिकीट आणायला.

आपला जुना पोस्टमन राघोबा दर आठवड्याला घेतो. म्हणाला, "मास्तर, तिकीट खिशात असलं की सुनंचं बोलणं कमी लागतंय." अंगणवाडीची रेणुका पगाराच्या शनिवारी एकच घेते. "लागलं तर लागलं. पर त्या रांगेत उभं ऱ्हायलं की अर्धा तास मला कुणी काम सांगत न्हाई." सिद्धप्पा कंडक्टर वर्षातून दोनदा घेतो आणि निकाल कधीच बघत नाही. मी कारण विचारलं तर माझ्यावरच उखडला. "बघितलं की संपलं की ओ सर. एवढं शिकून हे कळंना व्हय तुमाला?"

अशी तेवीस माणसं झाली. श्रीमंत व्हायचं म्हणून घेतो असं सांगणारे त्यांत दोघेच निघाले.

ज्या एका गिऱ्हाइकाला अकरा वर्षांत मी हा प्रश्न विचारला नाही, ते गिऱ्हाईक तू.

त्या दिवसाची हकीकत तुला ठाऊक आहे, पण अर्धीच. म्हणून माझ्या बाजूनं लिहितो. दसऱ्याचा दुसरा दिवस. तू सणाला इथं आलेली, तिकीट कलबुर्गीला लेकाच्या घरी तुझ्या कपाटात आणि नंबर सोबतच्या स्तोत्रांच्या वहीत. मी पेपर उघडून पडताळला आणि सांगितलं, "अक्का, लागली. पहिलं बक्षीस." अप्पांनी तुला कानडी शाळेत घातलं, मला पाठशाळेत. त्याचं फळ पन्नास वर्षांनी मिळालं. दोन, चार आणि शून्य हे आकडे दोन्ही लिप्यांत जवळजवळ सारखेच. शेवटचा मात्र तुझा कानडी नऊ होता, आणि कानडी नऊ हुबेहूब आपल्या सहासारखा दिसतो. डोळ्यांना व्याकरण नसतं.

तू नाचली नाहीस, देवापुढं साखरही ठेवली नाहीस. चहाचा कप खाली ठेवून म्हणालीस, "मग व्यंकू, ती पुढची खोली मला दे. रस्त्याकडची. कोण कुठं जायलंय ते बघत बसते. भाकरी माझी मी करून खाते."

मी म्हणालो, "आणि अपूर्व?"

"अपूर्व गुणाचा हाय. सून हर्षिताबी गुणाची हाय. तिथं मला जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढंच विचारतेत. बाकी कायबी विचारत न्हाईत." मग थांबून म्हणालीस, "भावाच्या घरात रिकाम्या हातानं येऊन ऱ्हायला बरं दिसत न्हाई. आता येता येतं."

आता जे लिहायचं टाळून मी तुरीपासून सुरुवात केली, ते लिहितो. संध्याकाळी दिवेलागणीला मी तुला आकडा चुकल्याचं सांगितलं. तुला वाटलं, मला तेव्हाच कळलं. अक्का, मला पाव तासातच कळलं होतं. तू बोलत होतीस आणि वही माझ्या मांडीवर होती. नंबरखाली तुझ्याच अक्षरात गोळ्यांची वेळ होती, "रात्री" आणि पुढं तोच आकडा, तेच वळण. रात्री सहा कधी वाजत नाहीत.

तरी मी गप्प बसलो. खिडकीला पडदा कसला लावायचा हे तू सांगत होतीस. भाऊजी गेल्यापासून तुला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं, आणि ते थांबवायचं धैर्य मला झालं नाही. म्हणून तू अपूर्वला फोन लावून "मी आता हितंच ऱ्हाणार" असं सांगेपर्यंत वेळ गेली. मग मी तोंड उघडलं. तू वहीकडं बघून "संस्कृतचे मास्तर" एवढंच म्हणालीस आणि बॅग भरायला घेतलीस. सकाळी बसच्या पायरीवरून म्हणालीस, "अपूर्वला सांग, म्हातारीनं थट्टा केली."

त्या दुपारी तुझ्या तोंडून जे आलं, ते ऐकायला एक खोटं बक्षीस लागलं. याचा दोष लिपीवर ढकलता येत नाही. अकरा वर्षं मी हद्द ओलांडून तुला तिकीट आणून दिलं, आणि "ये, राहा" हे दोन शब्द काही बोललो नाही. तू मुलाकडं सुखात आहेस अशी माझी समजूत होती. समजूत सोयीची असली की ती पडताळून बघायला कुणी वही उघडत नाही.

हे सगळं मंजुश्रीला सांगितलं. तिला वाटलं होतं, वन्संनाच इथं करमत नसेल. म्हणाली, "तुमी इचारलंच न्हाई कधी. आता पत्र लिवा, आणि साध्या मराठीत लिवा, संस्कृतात नको." अपूर्वशीही बोललो. तो रागावलेला नाही. "मामा, त्या दिवशी आई फोनवर कितीतरी वर्षांनी मोठ्यानं बोलली," म्हणाला. तो महिन्यातून एकदा येईल.

पुढच्या खोलीतली माझी पुस्तकं माडीवर गेली. भिंतींना चुना झाला. पडदा तू सांगितलास तसाच आहे, खालून अर्धा. भाकरी मात्र तुझी तू करायची नाहीस; ती अट मंजुश्रीची आहे आणि तिच्यापुढं माझं चालत नाही.

रविवारी सकाळच्या बसनं मी कलबुर्गीला येतोय. नाही म्हणायचं असेल तर दारात, माझ्या तोंडावर म्हण. पत्रानं आलेला नकार मी वाचणार नाही, माझी नजर कच्ची आहे हे आता सिद्धच झालंय. येताना तुझी बॅग मी धरीन. आपल्या सरकारी बसमध्ये बायकांचा प्रवास हल्ली फुकट, तेव्हा कंडक्टर तुझ्या हातात शून्य रुपयांचं तिकीट देईल. अक्का, ते घे. त्याचा निकाल पेपरात बघायची गरज नाही.

रिकाम्या हातानं ये.

जाणूनबुजून चुकलेला आणि आता नीट विचारणारा,
तुझा व्यंकू